कौदीचं पोट

सिद्धम्मानं माझ्याकडे क्रोशा शिकायचं ठरवलं तेव्हा ती बासष्ट वर्षांची होती, आणि मी तिला तोंडावर सांगितलं की या वयात तुझ्या बोटांना हे जमायचं नाही. मी चौतीस वर्षं बालवाडीत पोरं शिकवली आहेत. कुणाला काय जमेल ते मला बघूनच कळतं, असा माझा एक समज आहे. सिद्धम्मानं तो खोटा पाडला. तिला त्याचा काही उपयोग झाला नाही, ही गोष्ट वेगळी.

भवानी पेठेतल्या आमच्या बोळात तिची खोली माझ्या दारासमोर. नवरा चनमल्लप्पा चादरीच्या कारखान्यात मागावर होता, त्याला जाऊन तेव्हा बारा वर्षं झाली होती. ती घरी बसून टॉवेलांचे काठ शिवायची आणि उरलेल्या वेळात कौदी. दुसरीकडे गोधडी म्हणतात, वाकळ म्हणतात. आमच्या बोळातल्या कानडी घरांत कौदी. जुनी लुगडी, धोतरं एकावर एक अंथरायची आणि कडेपासून धावदोरा घालत गोल गोल आत यायचं. बोळात कुणाचं बाळंतपण असो, कुणाची पोरगी सासरी निघो, सिद्धम्माची कौदी ठरलेली. एकदा एक दुकानदार गाडी घेऊन आला, म्हणाला, आम्हाला बनवून द्या, हल्ली याला फार मागणी आहे. तिनं त्याला चहा पाजला आणि म्हणाली, "कौदी इकत्यात व्हय? कौदी देत्यात." तो बिचारा कप ठेवून गेला.

कडेपासून शिवत आलं की शेवटी मधोमध तळहाताएवढी जागा उघडी राहते. तिला कौदीचं पोट म्हणायचं. त्यात कडक भाकरीचा नखाएवढा तुकडा ठेवायचा आणि मगच टाका बंद करायचा. जो ही कौदी पांघरेल तो कधी उपाशी झोपू नये, एवढाच त्याचा अर्थ. सिद्धम्माच्या आईनं घातला, आजीनं घातला. आमची कडक भाकरी म्हणजे वाळून पत्रा झालेली, महिनोन् महिने टिकणारी. त्यामुळं आजवर कुणाचं काही बिघडलं नव्हतं. बोळात निम्मे लोक अशा पोटभरल्या कौदीखाली झोपतात आणि सकाळी उठून एकमेकांशी नळावर भांडतात.

तिचा एकुलता एक मुलगा विरुपाक्ष. पुण्याला नोकरीला लागला आणि तिथंच अपेक्षाशी लग्न केलं. अपेक्षा जेऊरची, शेतकऱ्याघरची, शिकलेली. लिंगायत नाही, कानडीचा गंध नाही, म्हणून सिद्धम्मा लग्नाला गेली नाही आणि पुढं वर्षभर तोंड फिरवून बसली. मी तेव्हाच म्हटलं होतं की तू मूर्ख आहेस. वर्षानं ती निवळली, पण पुढं मूल होईना तेव्हा एका बारशाला चार बायकांत बोलून गेली की जेऊरच्या मातीत काय उगवंना. असली वाक्यं सोलापुरातून पुण्याला रेल्वेच्या आधी पोचतात. अपेक्षानं ते लक्षात ठेवलं. मीही ठेवलं असतं.

लग्नानंतर नऊ वर्षांनी त्यांना मुलगी झाली. सिद्धम्मा ढसाढसा रडली, मग लगेच चनमल्लप्पाची धोतरं ट्रंकेतून काढून उन्हात घातली. तीन महिने ती त्या एका कौदीवर बसली होती. टॉवेलांचं काम परत पाठवलं. टाके इतके बारीक की कौदीवर तांदूळ पसरल्यासारखे दिसायचे. पोट बंद करायच्या दिवशी मी तिच्या पायरीवर बसले होते. तिनं भाकरीचा तुकडा घेतला, थांबली, उठून आत गेली आणि त्याला गूळ-तूप चोळून घेऊन आली.

"नुसती भाकरी नगं," ती म्हणाली. "नऊ वर्सांनी आलंय लेकरू."

मी हसले. म्हटलं, कौदी शिवतेस का मलिदा करतेस. तीही हसली आणि तिनं टाका बंद केला. मला तेव्हा एक शब्द बोलता आला असता. शिकलेली बाई मी, पोरांच्या डब्यांना मुंग्या लागतात म्हणून आयांना दटावण्यात हयात घालवली. पण मी हसले, आणि ते हसणं मला अजून टोचतं.

पुढं काय झालं ते तुमच्या लक्षात आलं असेल. पावसाळ्याचे दिवस, पुण्यातलं तळमजल्याचं घर, दमट हवा. गूळ पाझरला. एका दुपारी बाळ कौदीवर झोपलं होतं आणि अपेक्षा शेजारच्या खोलीत ऑफिसच्या कामात होती. बाळ किंचाळलं तेव्हा धावत गेली. लाल मुंग्या अंगभर होत्या, पापण्या सुजून डोळे मिटलेले, एक मुंगी कानात शिरलेली. दोन दिवस दवाखान्यात काढावे लागले. परत आल्यावर अपेक्षानं मुंग्यांची रांग कुठं जाते ते पाहिलं आणि कात्रीनं कौदी उसवली. मधोमध, अनेक थरांच्या आत शिवून बंद केलेला, काळा पडलेला भाकरीचा आणि गुळाचा गोळा निघाला.

अपेक्षाची आई मदतीला आलेली होती. तिनं तो गोळा पाहून तोंडावर पदर धरला. आता तुम्हीच सांगा, लग्नाला न आलेल्या, मूल होत नाही म्हणून बोललेल्या सासूनं पाठवलेल्या पांघरुणातून असलं काही निघालं तर तुम्ही काय समजाल? त्यांना ती करणी वाटली. कौदी इमारतीमागं नेऊन जाळली.

विरुपाक्षाचा फोन आला तेव्हा मी तिथंच होते. अव्वा, तू त्यात काय घातलं होतंस, एवढंच त्यानं विचारलं. तिनं सांगितलं. तो तरी काय अनोळखी होता? जन्मभर तसल्याच कौदीखाली झोपला होता. त्यानं बायकोपुढं उभं राहून हे सांगायला हवं होतं. सांगितलंही असेल, त्याच्या पद्धतीनं, म्हणजे निम्मं गिळून. शेवटी आईला म्हणाला की सध्या पुण्याला येऊ नको. हे सध्या गेली चार वर्षं चाललं आहे. सिद्धम्मानं नातीला अजून हात लावलेला नाही. तिला त्या लेकराला एकदा मांडीवर घ्यायचं आहे. बाकी या बाईचं कुणाकडे काही मागणं नाही.

फोननंतर चार दिवसांनी ती माझ्या दारात आली. मी क्रोशाचं तोरण विणत होते. तिनं ते माझ्या हातातून घेतलं, उजेडाकडे धरून बघितलं.

"बाई, ह्याच्यातनं आरपार दिसतंय की," ती म्हणाली. "ह्याच्यात काय लपिवलंय म्हनाया येत न्हाय कुनाला."

मला भरून आलं, आणि भरून आलं की मी खेकसते, म्हणून तिला म्हटलं की तुझ्या बोटांना जमायचं नाही. ती ऐकेना. धावदोऱ्याचा हात तो, लोकर अशी ओढायची की साखळीत सुई शिरेना. पहिला फ्रॉक झाला तो टेबलावर उभा राहिला. मी म्हटलं, हा नातीला घालायचा की यात कांदे भरायचे. तिनं मुकाट्यानं उसवला. असे तिनं तीन उसवले. चौथा नीट झाला, गुलाबी, गळ्याशी जाळी.

नातीचं माप कुणी देत नव्हतं. बोळाच्या तोंडाशी राहणाऱ्या महादेवप्पांची नात त्याच महिन्यात जन्मलेली. सिद्धम्मा तिला बोलवायची, हातात बिस्कीट द्यायची आणि दोरीनं छाती, उंची, डोकं मोजायची. ती मुलगी वाढली तशी दोरी वाढली. फ्रॉक, टोपडी, मोजे. प्रत्येक वस्तू टॉवेलाच्या उरलेल्या कापडात गुंडाळून ती चारी बाजूंनी शिवून टाकायची आणि पत्ता मी लिहायचे. पत्ता विरुपाक्षाच्या ऑफिसचा. घरी दिवसा कुणी नसतं, इकडंच पाठव, असं तो म्हणाला होता. दर रविवारी त्याचा फोन यायचा आणि ती विचारायची, बसला का. तो म्हणायचा, बसला की अव्वा, छान बसला. फोटो मात्र यायचे ते दुकानातल्या कपड्यांतले. ती मला समजावायची की पुण्यात उकडत असेल, शाळेचा कार्यक्रम असेल, नवं सणाला ठेवत असतील. मी हो म्हणायचे. बालवाडीत मी इतकं खोटं कधी वागले नव्हते.

एकदा न राहवून मीच अपेक्षाला फोन केला. भांडायच्या तयारीनं केला होता. ती नीट बोलली. म्हणाली, "काकू, तुम्ही म्हणता तशी रीत असेलही. पण मला ती कुणी आधी सांगितली नाही. माझ्या मुलीच्या कानातून मुंगी काढताना मी तिचे हात धरले होते. आता त्या घरातून आलेलं काही मी तिच्या अंगाला लावू शकत नाही. मला ते जमतच नाही." यावर काय भांडणार?

तरी मी एक मूर्खपणा केला. माझ्या पिशवीच्या ऑपरेशनच्या वेळी सिद्धम्मानं मलाही कौदी दिली होती, त्याला वीस वर्षं होऊन गेली. तिचं पोट मी उसवलं. वाटलं, भाकरीचा तुकडा निघेल, त्याचा फोटो पाठवीन, म्हणजे त्या मुलीला पटेल की ही सगळ्यांना असंच देते. आतून चिमूटभर तपकिरी भुकटी निघाली. ती भाकरी होती हे मला ठाऊक. दुसऱ्या कुणाला पटावं असं त्यात काही नव्हतं. तरी मी फोटो पाठवला. तो तिनं पाहिला, उत्तर दिलं नाही. उसवलेली कौदी सिद्धम्माच्या नजरेस पडलीच. तिनं ती घरी नेली आणि संध्याकाळी शिवून आणून दिली. पोट तिनं रिकामंच बंद केलं होतं. बोळात कुणाकडे नवं मूल आलं तरी ती आता कौदी शिवत नाही.

या मार्गशीर्षात होटगीला एका नातेवाइकाचं लग्न निघालं आणि विरुपाक्ष गाडी घेऊन आला, एकटाच. दोन तास आईजवळ थांबला. अपेक्षाला कानडी येत नाही म्हणून तो हल्ली आईशीही मराठीच बोलतो. तिला ते लागतं, पण तीही मराठीत उत्तर देते. निघताना तिनं ज्वारीचं पीठ, शेंगाचटणी असं बांधून दिलं आणि वर नातीसाठी विणलेला निळा स्वेटर, नेहमीसारखा कापडात शिवलेला. पिठाची पिशवी मी उचलली. तो फोनवर बोलत होता. त्यानं लांबूनच हात हलवून म्हटलं, "बाई, मागच्या सीटवर ठेवा, डिकी नको." तोवर मी डिकी उघडली होती.

आत सगळी पाकिटं होती. टॉवेलाच्या कापडातली, चारी बाजूंनी शिवलेली, प्रत्येकावर माझं गोल गोल बालवाडीचं अक्षर. एकाचाही टाका उसवलेला नव्हता. चार वर्षांचे फ्रॉक, टोपडी, मोजे एका स्टेपनीभोवती रचून ठेवलेले. डिकी लावून टाकावी असं मला सुचलं, पण पिठाची पिशवी पुन्हा दोन्ही हातांनी उचलून झाली होती, आणि सिद्धम्मा स्वेटर घेऊन माझ्या मागंच उभी होती.

विरुपाक्षानं फोन बंद केला आणि जवळ आला. इतका मोठा बाप्या, पण तिच्याकडे बघायची छाती होईना.

"घरात नेता येत नाही, अव्वा," तो म्हणाला. "आणि टाकवत पण नाही."

मला त्याच्या कानाखाली द्यावीशी वाटली. आणि तितकंच रडूही येत होतं.  सिद्धम्मानं वाकून एकेका पाकिटावर हात ठेवला, अगदी सगळ्यात खालच्या, पहिल्या गुलाबी फ्रॉकच्या पाकिटापर्यंत. एकाचा टाका सैल वाटला तो बोटानं दाबून बघितला. मग तिनं पाकिटं एका बाजूला सारली.

"अजून जागा हाय की," ती म्हणाली. "ह्ये बी ऱ्हाऊ दे."

स्वेटर तिनं त्या कोपऱ्यात बसवला. पिठाची पिशवी माझ्या हातातून घेऊन मागच्या सीटवर ठेवली. विरुपाक्षानं डिकी ओढली, ती लागेना. मग तिनं दोन्ही हातांनी वरून दाबून ती लावून घेतली.