गऊमावशीची कळ

गऊमावशी बोलता बोलता मध्येच थांबायची. डावा तळहात गालाजवळ न्यायची, पण गालाला लागू द्यायची नाही. डोळे मिटलेले, मान ताठ. मिनिटभराने डोळे उघडले की वाक्य जिथे तुटलं तिथूनच पुढे सुरू. "...तर त्या काशीचं पोर आडवं हुतं, भाऊ."

मी तेव्हा वडगाव मावळच्या दवाखान्यात कंपाउंडर होतो आणि गऊमावशी आसपासच्या दहा-बारा गावांची सुईण. पन्नाशीची, काटक, हातांना कायम एरंडेलाचा वास. डॉक्टर आठवड्यातून दोनदा यायचे. बाकीचे दिवस अडलेल्या बायका तिच्या हवाली. त्यांना ती सांगायची, "वरड बाई, मोकळी वरड. गिळलेली कळ आत घर करती." ती स्वतः ओरडल्याचं मात्र मी कधी ऐकलं नाही.

दुखणं खालच्या डाव्या दाढेपासून सुरू झालं. तिने रुईचा चीक लावला, रिंगणीच्या बियांची धुरी घेतली आणि मग माझ्याकडे आली. मी लवंगेच्या तेलाचा बोळा ठेवला. दाढेला कीड दिसत नव्हती, हलवून पाहिली तर हलत नव्हती. तरी वाऱ्याची झुळूक लागली किंवा घास चावला की वीज पडल्यासारखी कळ यायची.

पुण्याचे एक दातांचे डॉक्टर शनिवारी लोणावळ्याला येत. मीच तिला गाडीने तिथे घेऊन गेलो. माणूस भला होता. म्हणाले, "मुळाशी पू असणार. वरून दिसत नाही." त्या काळी अर्ध्याअधिक दुखण्यांचं मूळ दातातच शोधत. त्यांनी दाढ काढली. तीन आठवडे मावशी भाकरी चावून खात होती. चौथ्या आठवड्यात शेजारची दाढ ठणकू लागली.

असं दीड वर्ष चाललं. बधिर करायची सुई टोचताना मी तिचं डोकं धरायचो. उपटलेला दात ती हातात घेऊन उजेडाकडे धरायची. "ह्यो तर पांढराशिप्पट हाय, भाऊ."

"आतून किडलेला असतो, मावशी," मी सांगायचो. मला यातलं काही ठाऊक नव्हतं.

डावी बाजू संपली. मग उजवीकडचं विष डावीकडे उतरत असेल म्हणून तीही काढली. शेवटी कवळी बसवली. आठव्या दिवशी मावशी दवाखान्यात आली ती कवळी पदराच्या टोकात बांधून. "दात न्हाईत, पन दुखतंय तितंच," ती म्हणाली. "आता काय काढायचं?"



त्याच महिन्यात कान्हे गावात एक बाई अडली. मीही गेलो होतो. पोराचं डोकं बाहेर आलं आणि नेमकी तेव्हाच मावशीला कळ आली. तिचे दोन्ही हात पोराखाली होते. तिने कपाळ भिंतीला टेकलं. डोळ्यांतून पाणी गळत होतं, पण हात हलले नाहीत. पोर सुखरूप आलं. पण बाळंतिणीची सासू बाहेर येऊन म्हणाली, "हिच्या अंगात कायतरी हाय. पुन्यांदा हिला आणायची न्हाई." ते सगळीकडे पसरलं. मावशीला बोलावणी येईनाशी झाली. घरी सून म्हणायची, "दातच न्हाईत, मग दुखतंय काय? कामाचा कंटाळा, दुसरं काय!" मुलगा ताटावरून उठून जायचा. पुढे ते सगळे तिकोणा पेठेला, आपल्या जमिनीवर राहायला गेले.

लढाईच्या दिवसांत माझी मुंबईच्या एका इस्पितळात नेमणूक झाली. तिथे एक बाई आली. तोंडात दात सगळे, पण कळ अगदी मावशीसारखी. मोठ्या डॉक्टरांनी तिला तपासलं आणि म्हणाले, "हिच्या दातांना हात लावू नका. हा चेहऱ्याच्या शिरेचा आजार आहे." त्याच दिवशी मी रजेचा अर्ज टाकला.

रजा मिळताच कामशेतला उतरलो आणि चालत तिकोणा पेठ गाठली. मावशी वाकळेवर पडली होती, पेजेवर जगत होती. मनगट माझ्या दोन बोटांत मावलं असतं. मी सगळं सांगितलं. दुखणं शिरेचं होतं, दातांचं नव्हतंच, हेही सांगितलं.

"म्हंजी माजं दात चांगलं हुतं?"

"हो, मावशी."

"समदं?"

"सगळे. आणि मीच तुम्हाला तिथे नेलं."

 मला माफ केलं असं ती म्हणाली नाही, आणि मीही माफी मागितली नाही.

मग म्हणाली, "पन दुखनं खरं हुतं."

"अगदी खरं होतं. अजून आहे."

"मला वाटाया लागलं हुतं, मीच सोंग करतीया." तिने उशाशी हात टेकून उठायचा प्रयत्न केला. "माज्या सुनंला बोलवा. तिला सांगा ह्ये. मोठ्यानं सांगा."

सून पिठाच्या हातांनीच दारात आली. मी सांगू लागलो. अर्ध्यावर ती उंबऱ्यावर बसली आणि तिने मान खाली घातली.

"परत सांगा," मावशी म्हणाली.

मी पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. त्यानंतर पंधरा दिवसांनी ती गेल्याचं पोस्टकार्ड आलं. ते सुनेने कुणाकडून तरी लिहवून घेतलं होतं. शेवटी एकच ओळ होती: आत्याबाईंचं दुखणं खरं होतं, हे मी गावात सगळ्यांना सांगितलं आहे.