खांब, भाकरी आणि पिशवी

आमच्या विक्रोळीच्या गॅरेजचे किस्से म्हणजे डब्यातले सुटे नटबोल्ट. एक काढायला हात घालावा, तर मूठभर वर येतात! "आज्जी, एकच सांग," म्हणून नात वही घेऊन बसलीय. मला अक्षरओळख नाही, म्हणून लिहायचं काम तिचं. पण एकावर भागतं थोडंच?

ऐंशी सालानंतरची गोष्ट. आमच्या ह्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. ऑपरेशन म्हटलं की हे गार! थोरल्या भावाचा डोळा त्यातच गेला होता ना. आणि मिस्त्रीला दिसत नाही हे बाहेर कळलं असतं, तर कोणी साधा नट पिळायलासुद्धा दिला नसता. मग खाणार काय? म्हणून मी रोज बॅटरी धरून ह्यांच्या शेजारी.

समोरचा पानवाला मोठा खवचट. "काय मिस्त्री, आता पाना फिरवायला पण काकी लागते?"

हे म्हणाले, "तिला शिकायचंय रे! उद्या तुझी सायकल तीच उघडणार!"

तो हसला. मी बॅटरी पदराखाली घेतली.

*

अशात गुरुजींची गाडी आली. गुरुजी आमच्याच चाळीतले, शाळेत मास्तर. चाळीत कुणाचाही फॉर्म असो, तेच भरून द्यायचे. गाडी जुनी, छोटीशी, गोल गालांची. मागून पांढरा धूर, पुढून वाफ!

"मिस्त्री, रविवारी चिपळूणला मुलीचा साखरपुडा आहे. घाट चढेल ना ही?"

ह्यांनी इंजिनातली तेलाची काडी ओढून माझ्यापुढे धरली. हळूच विचारलं, "रंग कसो दिसता गो?"

"कॉफीवर साय धरल्यासारखो."

लगेच हे मोठ्याने, "गुरुजी, हेड गॅस्केट गेलं! इंजिनाचं डोकं आणि धड, त्यांच्यामधला पातळ पत्रा. तो फाटला की पाणी तेलात शिरतं."

"वा! काय नजर आहे हो तुमची!"

मी पदर तोंडात कोंबला.

*

डोकं उतरवलं. आतून आठ सळ्या निघाल्या. दिसायला सगळ्या सारख्या, पण जिची जागा तिलाच पाहिजे. नंबर घालून ठेवायचे, तर घालणार कोण? मी घरातून दुधी आणला आणि सळ्या ओळीने त्यात खोचल्या. देठाकडची पहिली. नेमके गुरुजी हजर!

"वहिनी, हे काय?"

मी तोंडाला येईल ते बोलले. "दृष्ट काढलीय गाडीची!"

गुरुजींनी चपला काढून दुधीला नमस्कार केला.

*

नवा पत्रा आला. नुसती भोकंच भोकं. हे म्हणाले, "त्येच्यार इंग्रजीत 'टॉप' लिवलेला असा. ती बाजू वर व्हयी. पत्रो उलटो बसलो तर पाण्याची वाट बंद. घाटात इंजिन जळतला."

अक्षरं ठोकलेली, दोन्हीकडून दिसत होती! ह्यांना दिसत नाही, मला वाचता येत नाही. बघत बसले. एका बाजूने आधी खांब, त्याच्या डोक्यावर आडवी फळी. मग भाकरी. मग काठी, तिच्या वरच्या टोकाला उजवीकडे पिशवी. दुसऱ्या बाजूने पिशवीच आधी, आणि तीही डावीकडे.

तसं सांगितलं. ह्यांनी ग्रीसचं बोट लादीवर फिरवलं. खांब, भाकरी, पिशवी.

"खांब आधी ती बाजू वर," हे म्हणाले. बसवला. मग बोल्ट, मधून बाहेर, थोडे थोडे, तीन फेऱ्या. मोजणारी मी.

*

शनिवारी सकाळी नळावर हंडा भरताना एकदम मनात आलं. पत्रा माझ्या हातातून ह्यांच्या हातात गेला, तेव्हा फिरला तर नसेल? आता उघडलं तर पत्रा बाद, दुसरा आणायला वेळ नाही. हंडा भरून वाहायला लागला तरी मी तशीच. ह्यांना विचारलं, तर म्हणाले, "तुझ्या डोळ्यांर माजो इस्वास असा."

आणि माझा कुणावर ठेवायचा?

*

रविवारी गुरुजी आले. बरोबर बायको, हातात साखरपुड्याचं ताट. इंजिन चालू झालं. धूर नाही, वाफ नाही. पण हा विक्रोळीचा सपाट रस्ता. घाट पुढेच होता.

गुरुजींनी विचारलं, "मिस्त्री, आमचा पुतण्या म्हणत होता, त्या पत्र्यावर लिहिलेली बाजू वर लागते. नीट वाचून बसवलंत ना?"

ह्यांच्या तोंडून पटकन निघून गेलं, "ती काळजीच नको! वाचायचं काम हीच बघते!"

समोर पानवाल्याचा चुन्याचा हात थांबला.

गेल्याच महिन्यात माझा रेशनचा फॉर्म गुरुजींनी भरला होता. शाईचा पॅड पुढे धरून माझा अंगठा त्यांनीच उठवून घेतला होता.

गुरुजींनी ह्यांच्या डोळ्यांकडे पाहिलं. मग माझ्या हाताकडे. मी अंगठा मुठीत लपवला.

गुरुजींनी गाडीचं दार उघडलं आणि पानवाल्याला ऐकू जाईल अशा आवाजात बायकोला म्हणाले, "बस गं बिनधास्त. वहिनींनी वाचलंय!"