हिरडीच्या रंगाचं मडगार्ड

आमचे सासरेबुवा कवळ्या करतात. दातांच्या डॉक्टरांकडून तोंडाचे साचे येतात, सासरेबुवा घरामागच्या खोलीत बसून त्यांवर दात चढवतात, आणि कवळी अशी चपखल बसते की दात आपले नाहीत हे घालणाराही विसरतो. निम्मं गाव त्यांच्या दातांनी हसतं. ते स्वतः फारसे हसत नाहीत. त्यांच्या मते जगातल्या सगळ्या दुःखाचं मूळ एकच आहे, फट. फट राहिली की तिथे अन्न अडकतं, अन्न अडकलं की जीभ सारखी तिथेच जाते, आणि जीभ तिथे गेली की माणसाचं कशातच लक्ष लागत नाही. हे त्यांनी मला पहिल्याच भेटीत ऐकवलं, मी काय काम करतो हे विचारायच्याही आधी. माझ्या पुढच्या दोन दातांत फट आहे. त्यांनी मुलगी दिली, पण बोलताना ते अजूनही माझ्या डोळ्यांकडे बघत नाहीत.

ज्या वयात लोक काठी विकत घेतात त्या वयात या माणसाने बॅटरीवर चालणारी माउंटन बाइक घेतली. कारण सासूबाई टेकडीपलीकडच्या केअर सेंटरमध्ये राहतात. त्यांची आठवण हळूहळू निसटत गेली, आणि उकळत्या मेणाच्या आणि गॅसच्या ज्योतीच्या घरात त्यांना ठेवणं जमेना. मी म्हटलं, रोज गाडीने सोडतो. त्यावर उत्तर आलं, "बायकोला भेटायला जावयाच्या गाडीतून जायचं? तिला वाटेल मलाच भरती करायला आणलंय." त्यामुळे सायकल. टेकडीवरची पायवाट, मोटारीचा आधार आणि अंगात पांढराशुभ्र इस्त्रीचा शर्ट.

कोरड्या दिवसांत सगळं छान चाललं होतं. सासूबाईंची खुर्ची फाटकासमोरच्या खिडकीत असते. पांढरा शर्ट दिसला की त्या केस सारख्या करायच्या आणि म्हणायच्या, "आले वाटतं आमचे हे." मग पावसाळी दिवस आले. माउंटन बाइकला मडगार्ड नसतं, हे मलाही तेव्हाच कळलं. मागचं चाक चिखल उचलतं आणि कमरेपासून मानेपर्यंत पाठीवर पट्टा ओढतं. उरलेला चिखल पुढचं चाक तोंडावर मारतं. असा अवतार फाटकात उभा राहिल्यावर सासूबाई म्हणाल्या, "माळ्याला म्हणावं, मागच्या दाराने ये."

सासरेबुवांनी पहिल्यांदा वाद घातला. मी तुझा नवरा, वगैरे. सासूबाई घाबरल्या आणि त्यांनी घंटा वाजवली. दुसऱ्यांदा ते मुकाट्याने कात्री मागून कुंपणाला लागले, कारण त्या खिडकीतून बघत होत्या आणि माळ्याने नुसतं उभं राहणं त्यांना खपत नाही. ते कुंपण आता असं कापलेलं आहे की वारा आला तरी त्याचं एक पान पुढे येत नाही. संस्थेने आभाराचं कार्डही पाठवलं. सासरेबुवांनी ते फाडलं.

"कपड्यांचा एक जोड सोबत न्या ना," मी सुचवलं.

"नेला होता. निकाल फाटकातच लागतो, जावईबापू. एकदा माळी ठरला की ठरला. कोट घालून आत गेलो, तर म्हणाली, साहेबांचा कोट चोरलाय यानं."

तर प्रश्न इतका सरळ होता. मडगार्ड असेल तर नवरा, नसेल तर माळी.

सायकलवाल्याने आम्हाला तीन प्रकार दाखवले. एक आखूड, पुढच्या चाकावर प्लॅस्टिकच्या पट्ट्यांनी बांधायचं. एक लांब, सीटखाली शेपटीसारखं लटकणारं. आणि एक चाकाला कमानीसारखं वळसा घालणारं. सासरेबुवांनी तिन्हींत बोट घातलं. मग हात घातला. मग यानं शेण खाल्लंय अशा नजरेने सायकलवाल्याकडे पाहिलं.

"यातून माझा पंजा जातो."

"जायलाच पाहिजे, काका. नाहीतर चिखल निघणार कुठून?"

"फटच नसली तर चिखल येईलच कशाला?"

"काका, दोन बोटं तरी जागा ठेवा."

सायकलवाल्याने दाताच्या कण्या केल्या, पण पालथ्या घड्यावर पाणी. ज्या माणसाने उभा जन्म फटी बुजवण्यात घातला, त्याला तुम्ही फट विकायला निघालात तर दुसरं काय होणार?

दुसऱ्या दिवशी सायकल मागच्या खोलीत, टेबलावर उलटी. तोंडाचं माप घ्यायचा तो गुलाबी लगदा बादलीभर कालवून त्यांनी टायरचं माप घेतलं. त्यात प्लास्टर ओतून अर्धं चाक तयार केलं. टायरवर जाड जाड गोट्या असतात, त्या सासरेबुवांना दाढा वाटल्या. मेणाचं कच्चं मडगार्ड झालं, मग पक्कं, आणि त्यांच्याकडे सामान एकाच रंगाचं असल्यामुळे मडगार्ड हिरडीच्या रंगाचं झालं. तेही घासून, चकाकी देऊन, दोन्ही चाकांना एकेक. ते टेबलावर ठेवलं की कुठल्यातरी राक्षसाने झोपताना काढून ठेवल्यासारखं दिसायचं. इकडे तीन गिऱ्हाइकं कवळीवाचून सूप पीत बसली होती. एका डॉक्टरांचा फोन आला तेव्हा बायकोने सांगितलं, "बाबा एका मोठ्या केसमध्ये अडकलेत."

मग फिटिंग. कवळी नीट बसते का हे बघायला दातांमध्ये निळा कागद धरून चावायला सांगतात, आणि निळा डाग पडेल तिथे घासतात. सासरेबुवांनी टायर आणि मडगार्ड यांच्यामध्ये निळा कागद धरला. "हळूच चाव," ते म्हणाले. मला की चाकाला, ते कळलं नाही. मी हळूच चाक फिरवलं.

शेवटी परीक्षा माझीच. अंगणात सायकल स्टँडवर, वर मी, अंगात सासरेबुवांचा पांढरा शर्ट. मी पेडल मारायचं आणि ते झारीने चाकावर गढूळ पाणी सोडणार. बायको स्वयंपाकघराच्या खिडकीत उभी होती. तिने शेजारणीला हाक मारून सांगितलं की हे दोघं आमचे नव्हेत, भाडेकरू आहेत. पण शर्टावर एक थेंब पडला नाही. सासरेबुवांनी माझ्या पाठीभोवती दोन फेऱ्या मारल्या आणि माझ्या दातांकडे बघत म्हणाले, "बघितलंत?" झारीतल्या पाण्याला चिखल म्हणत नाहीत, हे बोलायची माझी छाती झाली नाही.

त्यानंतरच्या सोमवारी केअर सेंटरमधल्या मावशींचा फोन आला. आजी पहाटेपासून विचारत होत्या, हे कधी येणार. केस विंचरून, चांगली साडी नेसून खिडकीत बसल्या होत्या. असं कित्येक महिन्यांत झालं नव्हतं. सासूबाईंना ते आठवायचे ते दिसल्यावर. न दिसता आठवण येणं बंदच झालं होतं. सासरेबुवांनी फोन ठेवला, शर्टाची वरची गुंडी लावली, काढली आणि पुन्हा लावली. बाहेर पाऊस नुकताच थांबला होता. गाडीत बसा, असं मी आणि बायको एकदमच म्हणालो. त्यांनी नुसतं मडगार्डकडे बोट दाखवलं आणि निघाले. बायकोने माझ्या हातात सासूबाईंचा स्वेटर दिला आणि मला मोठ्या रस्त्याने पिटाळलं.

मी लांबच्या वाटेने जाऊनही आधी पोचलो. सासूबाई मला नेहमीच बरोबर ओळखतात. जावयाला विसरायची सोय देवाने ठेवलेली दिसत नाही. "बसा," त्या म्हणाल्या, "आमचे हे येतीलच." आम्ही बसलो. चहा आला, गार झाला. त्या फाटकाकडे बघत होत्या आणि मी घड्याळाकडे.

टेकडीवर काय झालं ते मला नंतर कळलं. मडगार्ड आणि टायर यांच्यात कागदाएवढी जागा, आणि तिथली माती लोण्यासारखी. पहिल्याच उतारावर ती त्या जागेत शिरली, बसली आणि घट्ट झाली. पुढचं चाक जागच्या जागी थांबलं. सासरेबुवा थांबले नाहीत.

ते फाटकात दिसले तेव्हा न फिरणारी सायकल ओढत होते. शर्टाचा रंग सांगणं अवघड होतं. डोळे तेवढे ओळखू येत होते, तेही मला. एवढा खटाटोप या एका दिवसासाठी होता आणि नेमक्या याच दिवशी माणूस नखशिखान्त माळी होऊन आला. मला त्यांची इतकी दया आली की मी खिडकीचा पडदा ओढायला उठलो.

"माळी आला," सासूबाई म्हणाल्या. मग म्हणाल्या, "त्याला आत बोलवा. मला काम आहे."

मावशींनी खुर्चीवर वर्तमानपत्र पसरलं. सासरेबुवा काठावर टेकले.

"माळीदादा, टेकडीवरून आलात ना? वाटेत आमचे हे दिसले का? पांढरा शर्ट असतो."

सासरेबुवांनी माझ्याकडे पाहिलं. मग मान हलवली. "नाही बाई."

"येतील. त्यांचं काम नाजूक असतं, उशीर होतो." त्या पुढे वाकल्या आणि आवाज खाली आणून बोलू लागल्या. "सगळ्या गावाचे दात केले त्यांनी. पण माझा एकही पडू दिला नाही. रोज झोपताना विचारायचे, कुठे दुखतंय का? मी वैतागायची. म्हणायची, माणूस झोपू देत नाही. आता झोपताना कुणी काही विचारत नाही हो, तर झोपच लागत नाही."

सासरेबुवांच्या बाहीवरून चिखलाचं पाणी वर्तमानपत्रावर ठिबकत होतं.

"त्यांना सांगू नका हं," सासूबाई म्हणाल्या, "मी वाट बघत होते म्हणून. भाव खातील."

"नाही सांगत," ते म्हणाले. मला रडू आलं आणि ते मी खोकून घालवलं.

परतताना सायकल गाडीच्या टपावर आणि सासरेबुवा माझ्या शेजारी. घरी आल्यावर त्यांनी करवत घेतली, दोन्ही मडगार्डं कापली, आणि त्यांच्या आणि टायरच्या मध्ये दोन बोटं जागा सोडून पुन्हा बसवली. तेव्हापासून कितीही चिखल असो, शर्ट कोरा राहतो. सासूबाई रोज म्हणतात, "आले वाटतं आमचे हे," आणि ते पुढच्या दाराने आत जातात. आम्हाला वाटलं, चला, सुटला प्रश्न.

मागच्या आठवड्यात पाऊस पडून गेल्यावर मी त्यांच्याकडे गेलो, तर सासरेबुवा अंगणात उकिडवे बसून पुढचं मडगार्ड काढत होते.

"मोडलं का?"

"नाही."

"मग काढताय कशाला? तोंडभर चिखल होईल. पुन्हा माळी समजतील त्या."

"समजू दे." त्यांनी शेवटचा स्क्रू काढून खिशात टाकला आणि सायकलवर टांग टाकली. "मी गेलो की ती हवापाण्याचं बोलते, जावईबापू. माळी गेला की माझ्याबद्दल बोलते."