राळ लावलेली युकुलेली

आमचे हे आगबोटीवर खलाशी. एका खेपेला कुठल्याशा बंदरातल्या जुन्या बाजारातून हातभर लांबीचं, चार तारांचं एक वाद्य घेऊन आले. महोगनीचं, काकवीच्या रंगाचं. युकुलेली म्हणतात त्याला. आमच्या रेवस गावात कुणाची जीभ त्या नावाला वळली नाही. सासूबाई त्याला सतारीचं पोर म्हणायच्या.

एका पावसाळ्यात ओल धरून त्याची पाठ सुटली, पोटाला फट पडली. झालं! ह्यांच्या पायाला भिंगरी लागली. ओटीवरून परसात, परसातून धक्क्यावर. जेवताना लांब कुठे आगबोटीचा भोंगा झाला की घास हातातच राहायचा. त्यांना पाहून मलाही कशात चैन पडेना. मला सातवा महिना होता. थोरली झाली तेव्हा हे समुद्रावर. बापानं लेक पाहिली ती रांगताना. या खेपेला तरी बाळंतपणापर्यंत राहावेत, एवढंच मला हवं होतं. ते वाद्य हाती असलं की हे एका जागी बसायचे, म्हणून मी मामंजींच्या मागे लागले. माझे सासरे होड्या-मचवे बांधणारे सुतार.

"त्या खेळन्याला मी हात लावनार न्हाय," ते म्हणाले, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी स्वतःच घेऊन बसले. मला हायसं वाटलं. बापालाही मुलगा घरी हवाय, असं मी धरून चालले.

त्यांनी फटीत कापूस ठासला, राळ भरली, वरून मुशी माशाचं तेल चोळलं. तारांसाठी पिंजाऱ्याकडून कापूस पिंजायची, त्यातल्या त्यात बारीक तात आणली. संध्याकाळी ह्यांनी छेडून पाहिलं तर घसा बसल्यासारखा आवाज. आणि वास असा, की शेजारची मांजर येऊन समोर बसली.

"बाबा, ह्याचा मचवा केलात की!" हे हसत सुटले.

मीही हसले, मग चिडले. घरात सरसाचं भांडं कायम असायचं. पाट, पेट्या, लेकीचा पाळणा, सगळं मामंजी सरसानं जोडायचे.

"मामंजी, सरस नव्हता का?"

"सरस घरात ऱ्हानाऱ्या सामानाला," ते पटाशी पुसत म्हणाले. "पान्यावर जानाऱ्याला राळच लागते. त्यानं तुला सांगितलं न्हाय व्हय?"

ह्यांची बोटं तारांवर थांबली. मला दोघांचाही असा संताप आला, की ते वाद्य चुलीत घालावं. तसं काही मी केलं नाही.

"कधी निघायचंय?" मी ह्यांना विचारलं.

"परवा," हे म्हणाले. मान वर केली नाही.