निनावी फॉर्म

फॉर्मवर नाव लिहायचं नव्हतं, एवढ्यावर मी विसंबले. बत्तीस वर्षांची बाई, दिवसभर मायक्रोस्कोपखाली बारीकसारीक खुणा शोधून पोट भरणारी, आणि स्वतःच्याच कागदावरच्या खुणा मला दिसल्या नाहीत. अजून आठवलं की स्वतःच्या थोबाडीत द्यावीशी वाटते.

२००४ सालचा मार्च होता. नॉटिंगहॅमच्या एका हॉस्पिटलच्या लॅबमध्ये मी वर्क परमिटवर होते. आदल्या डिसेंबरात नवा कायदा लागू झाला होता. बाईचं बाईवर किंवा पुरुषाचं पुरुषावर प्रेम आहे म्हणून आता कुणाला नोकरीत छळता येणार नव्हतं, काढता येणार नव्हतं. युरोपियन युनियनमधल्या सगळ्याच देशांना असा कायदा करणं भाग होतं, म्हणून तो इथेही झाला. पगाराच्या स्लिपबरोबर त्याचं पत्रक आलं आणि मागोमाग, कर्मचाऱ्यांत कुठल्या वंशाचे, कुठल्या लैंगिक कलाचे किती जण आहेत हे मोजणारा हा फॉर्म.

माझी जोडीदार त्याच हॉस्पिटलात फिजिओथेरपिस्ट होती. इंग्लिश होती. तीन वर्षं आम्ही एका घरात राहत होतो, आणि नाशिकला आईच्या लेखी ती माझी फ्लॅटमेट होती. तिने तो फॉर्म जेवणाच्या टेबलावर माझ्यापुढे सरकवला. म्हणाली, "आता कायदा आहे. नावही विचारलेलं नाही. निदान एका कागदावर तरी मला असू दे." ती चिडून बोलली असती तर मी भांडले असते. मी काय लिहिते ते बघणार नाही, असं सांगून ती पाठ फिरवून भांडी घासायला लागली. मी 'लेस्बियन'पुढच्या चौकोनात खूण केली आणि पाकीट चिकटवलं.

दुसऱ्या दिवशी ते एचआरच्या पेटीत टाकलं, तेव्हा तीच पेटी उचलून आत नेताना तिथल्या मराठी काकू दिसल्या. तेव्हा कुठे माझ्या लक्षात आलं. फॉर्मवर विभाग होता, वय होतं, स्त्री की पुरुष होतं, वंश होता. आमच्या लॅबमध्ये चौदा माणसं, आणि त्यांत भारतीय एकटी मी.

काकू तीस वर्षांपूर्वी नवऱ्यामागे इंग्लंडला आलेल्या. एचआरमध्ये सगळे फॉर्म कॉम्प्युटरवर चढवण्याचं काम त्यांच्याकडे. मला पहिली खोली त्यांनी मिळवून दिली होती. दर शुक्रवारी माझ्यासाठी डबा आणायच्या, दर रविवारी माझ्या आईशी फोनवर बोलायच्या, आणि केंब्रिजमधल्या एका संशोधकाचं स्थळ माझ्यासाठी धरून बसल्या होत्या. वाईट बाई असती तर माझं काम सोपं झालं असतं.

त्या शुक्रवारी डबा आला नाही. पुढच्याही नाही. कॉरिडॉरच्या टोकाला त्यांनी मला पाहिलं आणि वळून लिफ्टमध्ये शिरल्या. भित्यापाठी ब्रह्मराक्षस, अशी मी मनाची समजूत घालत राहिले. घरी काही बोलले नाही, कारण घरी ती त्या दिवसांत फार खुशीत होती. कायदा माझी नोकरी राखेल याची मला खात्री होती. पण काकूंनी नाशिकला लावलेल्या फोनला कुठल्या देशाचा कायदा लागू होतो? परजातीत लग्न केलेल्या माझ्या मामेभावाशी आई नऊ वर्षं बोललेली नव्हती. आई आरडाओरडा करणाऱ्यातली नाही. ती फोन ठेवणार होती आणि पुन्हा कधी उचलणार नव्हती.

तिसऱ्या रविवारी आईचाच फोन आला. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर म्हणाली, "काकू सांगत होत्या, पोरगी दमलीय, तिचं लक्ष नसतं, चुका करते. कसल्या चुका गं?" कामातल्या, म्हटलं.

सोमवारी दुपारी काकू कॅन्टीनमध्ये माझ्यासमोर येऊन बसल्या. डबा उघडून पुढे ठेवला. कोथिंबीर वडी होती.

"तुझा तो मॉनिटरिंगचा फॉर्म," त्या हळूच म्हणाल्या, "चुकून भलत्याच बॉक्समध्ये टिक पडली होती बघ. एंटर करताना मी करेक्ट केलं. कागद श्रेडरमध्ये टाकला. कुणाला काही कळलेलं नाही. आईला तर माझ्या तोंडून कधीच कळायचं नाही."

त्यांचा हात माझ्या हातावर होता. पकडल्या गेल्या असत्या तर त्यांची नोकरी गेली असती. चूक नव्हती ती, एवढंच मला म्हणायचं होतं. त्या माझ्याकडे बघत नव्हत्या, वडीकडे बघत होत्या. त्यांनाही चांगलं ठाऊक होतं.

"थँक यू, काकू," मी म्हटलं. नुसतं तोंडदेखलं नाही, अगदी मनापासून म्हटलं, त्याचीच मला आज जास्त लाज वाटते. इतकं हलकं वाटलं की मी दोन वड्या खाल्ल्या.

मे महिन्यात सर्व्हेचा अहवाल आमच्या मजल्यावरच्या नोटीस बोर्डावर लागला. विभागवार आकडे होते. तो वाचायला माझी जोडीदार जेवणाच्या सुट्टीत तीन मजले चढून आली होती, हे मला एका सहकाऱ्याकडून कळलं. आमच्या लॅबच्या ओळीत 'लेस्बियन'च्या रकान्यात शून्य होतं.

संध्याकाळी मी घरी आले तेव्हा ती कोट न काढता टेबलापाशी बसली होती. आवाज अजिबात न चढवता तिने विचारलं, "तू खूण केलीच नव्हतीस ना?"

केली होती, हे सांगायचं तर ती कुणी पुसली हे सांगावं लागलं असतं, आणि पुसणाऱ्या बाईचे मी आभार मानले, हेही. त्यापेक्षा भित्री ठरणं मला परवडलं.

"नाही केली," मी म्हटलं.