भादव्यातली समिती

दरवर्षी जूनमध्ये विद्यापीठाला नव्या वर्षाचे प्राधान्यक्रम सुचतात आणि ते ऐकायला आम्हा मास्तरांना एका खोलीत कोंडलं जातं. मी भूगोल शिकवायचो. दोन हजार तीनच्या जूनमध्ये प्राचार्य पुण्याहून आलेलं परिपत्रक वाचत होते आणि मी निम्मा झोपेत होतो. गुणवत्ता, संगणक, वेळेवर निकाल, समाजाशी नातं, असं बरंच काही होऊन गेलं. मग 'ग्रामीण भागातील मुलींचे विज्ञान शिक्षण' हे शब्द आले आणि शेजारच्या अंजनाबाई खुर्चीत ताठ झाल्या. "सर, ते परत वाचा," त्या म्हणाल्या. परिपत्रक परत वाचायला लावणारं माणूस ओतूरच्या आमच्या कॉलेजात तोवर कुणी पाहिलं नव्हतं.

अंजनाबाई रसायनशास्त्राच्या. मूळच्या आंबेगाव तालुक्यातल्या, घोडेगावजवळच्या. पुण्याला मावशीकडे राहून एमएस्सी झाल्या. धाकट्या बहिणीलाही शिकायचं होतं, पण मावशीच्या दोन खोल्यांत आणखी एकीची सोय होईना, म्हणून बारावीनंतर तिचं लग्न लावून दिलं. याचा राग बाईंनी कुणावर काढला नाही, कामावर काढला. बोलायला मात्र फटकळ. एकदा सगळ्यांदेखत मला म्हणाल्या, "तुम्ही नकाशावर गावं दाखवता, तिथं कधी जाता का?" मला राग आला. खरं होतं म्हणून जरा जास्तच आला.

त्या स्वतः जायच्या. लुनावर बसून येडगाव, पिंपरी पेंढार, जिथे बारावी सायन्स झालेली मुलगी असेल तिथे. ओसरीवर टेकायचं, चहा घ्यायचा आणि बापाला सांगायचं, "पुण्याला पाठवू नका. ओतूरला येऊन-जाऊन बीएस्सी करेल." आता यात एक गोम होती. आमच्याकडे बीएस्सीची दोनच वर्षं मंजूर होती. पिंपरी पेंढारच्या सावळेरामांनी, म्हणजे अश्विनीच्या वडिलांनी, नेमकं तेच विचारलं होतं. "आन् तिसरं वरीस?"

"इथंच होईल, सावळेरामभाऊ. माझा शब्द."

शब्द देऊन झाला आणि त्या मुली दुसऱ्या वर्षाला आल्या, तरी मंजुरीचा पत्ता नव्हता. ती मिळाली नाही तर मुली घरी बसणार, आणि घरी बसलेल्या मुलीचं पुढे काय होतं हे बाईंना कुणी सांगायला नको होतं. त्यांची झोप उडाली होती.

परिपत्रकातल्या त्या ओळीचा हवाला देऊन बाईंनी जूनमध्येच तिसऱ्या वर्षासाठी अर्ज पाठवायला लावला होता. सप्टेंबरात त्याबद्दल पुण्याहून फोन आला. मुली खरंच वर्गात येतात का, हे पाहायला समिती येणार होती. प्राचार्यांनी लगेच तारीख मान्य करून टाकली. प्राचार्य परभणीकडचे. तिकडे पोळा श्रावणातल्या अवसेला होतो, म्हणून त्यांनी आम्हाला ऑगस्टमध्येच पोळ्याची सुट्टी दिली होती. आमच्या जुन्नर-आंबेगावात पोळा भादव्यातल्या अवसेला, पण मिळालेली सुट्टी परत करणारा मास्तर अजून जन्माला यायचाय. आम्ही गप्प बसून ती उपभोगली. आता समितीची तारीख आली ती बरोबर भादव्यातल्या अवसेला. बाईंच्या हे लक्षात आलं तेव्हा मधे थोडेच दिवस उरले होते.

"सर, त्या दिवशी पोळा आहे."

"पोळा झाला की, मॅडम."

"तुमचा झाला. आमचा राहिलाय."

प्राचार्यांनी पुण्याला फोन लावून पाहिला. तारीख बदलायची तर थेट पुढच्या वर्षी, असं उत्तर आलं. पोळ्याला मुलगे बैलांबरोबर ओढ्यावर आणि मुली पुरणाच्या पातेल्यापाशी. वर्गात हमखास दिसेल अशी एकच, आमच्या ओतूरची अमरीन.

बाईंनी पुन्हा लुना काढली. अश्विनीच्या आईने, सखूबाईंनी, तोंडावर विचारलं, "पुरान कोण वाटंल? सासूबाईला दिसत न्हाई, मी एकली किती करू?" दुपारी परत पाठवते, एवढंच बाई म्हणाल्या. सावळेराम खाली मान घालून बैलांचे गोंडे वळत राहिले. "कुणी हो म्हणालं नाही," बाईंनी मला सांगितलं. त्यांना एवढं हताश मी आधी पाहिलं नव्हतं.

त्या दिवशी समितीत एक सर आणि एक मॅडम आल्या. दुसऱ्या वर्षाच्या वर्गात पहिल्या बाकावर अमरीन, बाकी बाक मोकळे. प्राचार्यांनी श्रावण-भाद्रपदाचा खुलासा सुरू केला आणि घामाघूम झाले. अंजनाबाई फळ्याला टेकून उभ्या होत्या. समितीच्या मॅडमनी पर्स उचलली, तेवढ्यात फाटकात टेम्पो वाजला.

टेम्पो अमरीनच्या अब्बांचा, टोमॅटो वाहायचा. बाजार बंद म्हणून रिकामाच होता. त्यातून मुली उतरल्या, कुणाच्या ओढणीला बेसन, कुणाच्या हाताला हळद. मागून सावळेराम उतरले. शिंगं रंगवता रंगवता उठून आले होते, कोपरापर्यंत लाल. मुलींनी हात धुतले आणि सरळ प्रयोगशाळेत जाऊन ब्युरेट लावले.

"मुलगे कुठं आहेत?" मॅडमनी विचारलं.

"बैल धुताहेत," अश्विनी म्हणाली. "त्यांना सुट्टी आहे, आम्हाला नाही."

समितीच्या सरांना मात्र संशय आला. ते बाहेर येऊन सावळेरामांना म्हणाले, "आजच्यापुरत्या गोळा करून आणल्या का मुली?"

"रोज यष्टीनं येत्यात, साहेब. आज पहाटंपासनं पुरान शिजवलं, यष्टी चुकली, म्हनून टेम्पो बोलावला."

"सणाच्या दिवशी कशाला पाठवलंत?"

सावळेरामांनी रंगाचे हात धोतराला पुसले. मग म्हणाले, "पोळा पुढल्या साली बी येतो. तुमी न्हाई म्हनला, तर अश्विनीला बघाया पावणं येत्याल. दोन ठिकानी मी थांबा म्हनून सांगितलंय. मॅडमनी मला शब्द दिला, मी त्यो घरात दिलाय. आता किती दिवस थोपवू?"

सर वळले आणि मुलींचं काम पाहायला प्रयोगशाळेत गेले. दुपारी मुली वेळेत घरी गेल्या.

दिवाळीनंतर मंजुरी आली. प्राचार्यांनी पेढे मागवले. अंजनाबाई "बरं झालं" म्हणून उठल्या, प्रयोगशाळेत जाऊन स्टुलावर बसल्या आणि मोकळेपणाने रडल्या. मी पाण्याचा ग्लास घेऊन गेलो. "हसू नका, सर," त्या म्हणाल्या. मी हसत नव्हतो. माझ्याही छातीवरचा धोंडा उतरला होता.

पुढच्या जूनमध्ये तिसऱ्या वर्षाच्या पहिल्या तासाला मी उगाच त्या वर्गाच्या दाराशी रेंगाळलो. बाई एकेक नाव घेत होत्या आणि प्रत्येक नावाला उत्तर येत होतं. हजेरी संपली तरी त्या पुस्तक उघडेनात, बाकांवरून नुसती नजर फिरवत राहिल्या. सगळ्या आल्या होत्या. एकीचंही लग्न झालं नव्हतं.