बरफाच्या हातमोज्यात माझा हात

सेलूच्या बाजारात कापसात हात घालून ओल सांगनारा माझ्यासारखा दुसरा मानूस न्हाई. म्हंजे जिनिंगात ओल मोजायचं मशीन आल्यापासून मला कुनी इचारत न्हाई, पन हात मी घालतोच.

मशीनला दोन सुया असतेत. कापसात खुपसल्या की आकडा दावतंय. मशीन म्हनतंय आठ, मी म्हनतो बारा. शेठ मशीनचं ऐकतो. मला वाटायचं मशीनला कुनीतरी च्या पाजलाय. मशीन यायच्या आधी तसं नव्हतं. गेटावर टेंपो आला की मी कोपरापोतर हात घालायचो, डोळे मिटायचो, आन म्हनायचो, "पानी मारलंय. बाजूला लावा, वाळवा, मंग आना." शेतकरी शपथा खायचा. शपथेवर माझा इस्वास न्हाई. वजन वाढावं म्हनून लोकं कापसाला पानी मारतेत, ही गोष्ट मी आईच्या दुधाबरूबर प्यालोय. त्या दुधातबी पानी असंल, काय सांगावं.

घरी बायकोनं च्या दिला तर मी आधी बशीत वततो, रंग बघतो. बायको म्हनती, "प्या की गपचिप, जहर न्हाई त्यात." आता तिनं न इचारता असं कामून सांगावं?

तर मागल्या हिवाळ्यात लेक कॉलेजातून आली आन म्हनली, "अप्पा, माझं नाव लागलं! काश्मीरला जायचंय, महिनाभर. बरफावर घसरायचा कोर्स हाय."

"घसरायला कोर्स कामून पायजे? मी मोरीत हर आठवड्याला घसरतो, मला कुनी शिकवलं?"

तिनं मोबाइलवर दावलं. एक बाई पायाला दोन लांब पट्ट्या बांधून, हातात दोन काठ्या घिऊन डोंगरावरून सुसाट खाली यायली. आनखी एकजन एकाच फळीवर दोनी पाय बांधून आडवा यायला. लेक म्हनली, "ही स्की, आन ह्यो स्नोबोर्ड." मी त्या मानसाच्या मागं बघायलो. एवढ्या जोरात पळायलाय म्हंजे काहीतरी करून आला असंल.

"पैसे?"

"फुकट हाय, अप्पा."

फुकट म्हनल्यावर माझा शक डबल झाला.

पन लेकीचं तोंड बघितलं आन म्हनलं, जा. दोन वर्सं ती पहाटं उठून कॉलेजच्या परेडला जायची, त्या परेडवाल्या पोरींतून तिचं एकटीचं नाव लागलं व्हतं. न्यायच्या सामानाची यादी व्हती. जाकीट, बूट, चष्मा सगळं तिला कॉलेजातल्या एका पोरीकडून उसनं मिळालं, ती पोरगी आदल्या साली जाऊन आल्ती. हातमोजे मातर उसने नकोत म्हनली. कारन ती पोरगी लोकरीचे घिऊन गेल्ती, दुसऱ्याच दिवशी ते भिजले, बोटं सुजून निळी पडली, आन मास्तरनं तिला राहिलेला महिना शेगडीपाशी बसवून ठिवलं.

लेक म्हनली, "गरम पायजेत आन पानी आत शिरू नाय असे पायजेत. हातमोजे भिजले की माझा कोर्स संपला, अप्पा."

ती मोबाइलवरून मागवायली व्हती. मी अडवलं. म्हनलं, "फोटोत सगळाच कापूस पांढरा दिसतोय. वस्तू हातात घिऊन बघायची असती. मी बघतो." ह्या माझ्या बघन्यात आठ दिवस गेले. मानवतला जाऊन आलो, तिथं मोटारसायकलवाल्यांचे हातमोजे दाखवले, रबराच्या वासाचे. तेवढ्यात लेकीची गाडी उद्यावर आली.

सेलूत हिवाळ्याला डोंगराकडची लोकं स्वेटर घिऊन येतेत, रस्त्याच्या कडंला पाल ठोकून बसतेत. त्यातल्या एका बाईकडं गेलो. लेकीनं तिला यादी दावली. बाईनं पेटीच्या तळातून एक काळा जाड जोड काढला. म्हनली, "ये एकही है इसके नाप का."

एकच हाय म्हनली की मी वळखलं. हा तर आमच्या बाजारातला जुना डाव.

बाई नीट समजून सांगायली. वरचं कापड पान्याला आत येऊ देत न्हाई, त्याच्या खाली एक पातळ पडदा, मंग भरन, मंग अंगाला मऊ अस्तर. मनगट लांब, जाकिटाच्या बाहीवरून वढून दोरी आवळायची, म्हंजे पडल्यावर बरफ आत जात न्हाई. तळव्याला खरबरीत कातडं, काठी सटकू नाय म्हनून. बोटाच्या टोकाला जरा जागा सोडायची, घट्ट झाला की हात गार पडतो. अंगठ्यावर मखमलीवानी पट्टी व्हती. मी इचारलं, "ये कायको?"

"नाक पोंछने को."

मी लेकीकडं बघितलं. म्हनलं, "बघ. नाक पुसायची सोय करून दिली म्हंजे बाकीचं कच्चं असनार." आमच्याकडं पोत्याच्या तोंडाला चांगला कापूस ठिवतेत, आन मधी कवडी, म्हंजे किडका पिवळा कापूस, भरतेत.

"अप्पा, घालून बघू का मी?"

"थांब. आधी माझा हात."

बाजूच्या च्याच्या गाड्यावरची पान्याची बकेट वढली. दुपारचं ऊन टाळूवर व्हतं. उजवा हातमोजा हातात वढला, लेकीच्या मापाचा, बोटं कोंबून कोंबून घातली. दोरी आवळली आन मनगटापोतर पान्यात धरला. धा-बारा लोकं जमली. आमच्या गावात बकेटीत हात घालून उभं राहिलं तरी गर्दी होती. मी डोळे मिटले, गेटावर मिटायचो तसे. लय येळ धरला. मंग हात काढला, हातमोजा वढून काढला, आन बोटं वर केली.

ओली व्हती. चमकायली.

"पानी!" मी म्हनलं. "बघा, पानी शिरलं!"

"काका, पसीना है आपका," बाई म्हनली.

"बाई, तीस साल से ओल देखता मैं. घाम कौन सा आन पानी कौन सा, मेरे को मत बता!"

लोकं माझ्या बाजूनं व्हती. एकजन म्हनला, "ह्ये बाहेरचे लोकं असंच फसवतेत." मला लय बरं वाटलं. मी वाढवलं. म्हनलं, "बेइमानी का माल है." बाईनं माझ्या हातातून हातमोजा घेतला, पदरानं पुसला, जोडी पेटीत टाकली आन झाकन लावलं.

"नहीं बेचना. जाओ."

लेक सोताच्या बोटांकडं बघायली. ते मला न्हाई बघवलं, मी बकेटीत बघितलं.

तिथं वालूरचा एक शेतकरी मफलर बघत उभा व्हता. मला वळखत व्हता. त्याचा कापूस लय वर्सं माझ्या हाताखालून गेलेला. त्यो आता म्हनला, "डावा हातमोजा अजून कोरडाच हाय ना? पोरीला घालून बघू द्या की."

लेक बाईपाशी खाली बसली. म्हनली, "आंटी, मेरे अप्पा ऐसेच हैं. मेरी कल गाडी है. एक बार." बाईनं माझ्याकडं बघत बघत डावा दिला.

लेकीनं तो घातला, दोरी आवळली आन बकेटीत धरला. शेतकरी मोठ्यानं आकडे मोजायला. दोनशेपोतर मोजले. तिनं हात काढला. पापडासारखा कोरडा.

"आता तुमी," शेतकरी मला म्हनला. "त्योच घाला. पान्यात न्हाई, नुसता घाला."

मी घातला. त्यानं परत आकडे मोजले, ह्या टायमाला जरा हळू. शंभरालाच मला आत चिकचिक जानवायली, पन मी तोंडावर काही दावलं न्हाई. दोनशे झाले. हात काढला. करंगळीवरून एक थेंब बकेटीत पडला.

कुनी हासलं न्हाई, हे लय वाईट झालं. शेतकऱ्यानं मफलर खाली ठिवला.

"चार वर्सांमागं माझा टेंपो तुमी ओला म्हनून परत लावला व्हता," त्यो म्हनला. "तीन दिवस पत्र्यावर वाळवला व्हता मी त्यो कापूस. बायकोला म्हनलं, तूच पानी मारलं असशील. आठ दिवस भांडन चाललं आमचं."

"त्या दिवशी ऊन लय व्हतं," मी म्हनलं.

"मंग ओल कुठून आली?"

 तीस वर्सांतले सगळे टेंपो डोळ्यासमोरून जायले. कुनी कुनी शपथा खाल्ल्या व्हत्या ते आठवायलं. मला इतके दिवस सगळ्यांचा शक आला, पन माझ्या हाताचा कधी आला न्हाई.

बाईनं पेटी उघडली. लेकीला म्हनली, "तुम्हारे को देती. पहले काका को उधर खडा करो." मी उधर खडा झालो, बकेट धरून. लेकीनं दोनी हातमोजे उलटे करून रात्रभर दोरीवर वाळवले, माझ्या घामाचे.

आठ-धा दिवसांनी मी जिनिंगाच्या गेटावर व्हतो तवा तिचा फोन आला. म्हनली, "अप्पा, आज चाळीस येळा पडले. हर येळी हातावरच पडले."

"हात?"

"कोरडे."

"आतून?"

"आतूनबी."

"दुसऱ्या कुनाला बघायला लाव एकदा."

ती लय हासली, तिच्या मागं पोरींचा कालवा व्हता. मी फोन ठिवला, जीव हलका झाला, आन तेवढ्यात गेटातून वालूरचा टेंपो आत आला. मशीनवाल्यानं सुया खुपसल्या. आकडा आठ. माझा हात, तीस वर्सांची सवय, आपोआप उठला आन कोपरापोतर कापसात गेला.

त्याच शेतकऱ्यानं केबिनमधून मुंडकं बाहीर काढलं.

"ओ बाबा, हात काढा. वाळवून आनलाय मी, पानी नका मारू."